पाचनंतरचे महाविद्यालय

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत मोठी धांदल उडते. पेढे वाटून होतात न होतात तोच गेल्या वर्षीचे ‘कट-ऑफ’, वसतिगृहाचे शुल्क आणि ‘प्लेसमेंट’चे आकडे यांचे कागद टेबलावर पसरले जातात. मामा एका महाविद्यालयाचे नाव सुचवतात, शेजारचे काका दुसऱ्याचे. घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते ही चार-पाच वर्षे मान मोडून अभ्यास करावा, मौजमजेला पुढे आयुष्य पडले आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते कॉलेजचे दिवस पुन्हा येत नाहीत, पोराला थोडा मोकळा श्वास घेऊ द्यावा. मग तडजोड म्हणून असे नामांकित महाविद्यालय शोधले जाते, जिथे अभ्यासही कसून होईल आणि मुलगा कंटाळणारही नाही.

या शोधात वरवर पाहता काही वावगे नाही. परंतु त्याचा पायाच चुकलेला आहे. ज्ञानाची कठोर उपासना आणि विद्यार्थिदशेचा आनंद ही जणू एकाच तराजूची दोन पारडी असून एक वर गेले की दुसरे खाली येणारच, हे गृहीत धरून पालक बाजारात उतरतात, आणि बाजारात त्यांना दोन्ही पारड्यांत खोटी वजने मिळतात. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. जिथे अभ्यास खरोखर कसाचा होता, तिथेच विद्यार्थी रमले, खेळले, भांडले, नाटके करून नावारूपाला आले. आणि जिथे आज अभ्यासाचा नुसता देखावा उरला आहे, तिथे आनंदाचाही देखावाच चालू आहे.

लोकमान्यांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर सापडणार नाही. पण त्याच लोकमान्यांची दुसरी गोष्ट मुलांना सहसा सांगितली जात नाही. डेक्कन महाविद्यालयात दाखल झाल्यावर प्रकृती अशक्त आहे हे जाणून टिळकांनी पहिले वर्ष तालीम, कुस्ती आणि पोहणे यांत घालवले. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले. पुढे त्यांनी गणित घेऊन प्रथम श्रेणीत बी.ए. केले. आज एखाद्या चिरंजीवाने अकरावीत असा बेत बोलून दाखवला, तर घरात तातडीची बैठक बसेल आणि समुपदेशकाची वेळ घेतली जाईल.

टिळक-आगरकरांच्या पिढीने १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा त्यांनी इमारतीपेक्षा आधी माणसे उभी केली. अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याची शपथ घेतलेले आजीव सदस्य हा त्या संस्थेचा कणा होता. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मोठमोठ्या मानाच्या जागा सोडून फर्ग्युसनमध्ये परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. त्यांची धर्मविषयक मते अनेकांना पटणारी नव्हती आणि आजही पटणार नाहीत. परंतु जगातील अत्यंत अवघड गणल्या जाणाऱ्या परीक्षेत पहिला आलेला माणूस रोज सकाळी आपल्याला गणित शिकवायला येतो, ही जाणीव त्या विद्यार्थ्यांसाठी काय असेल! अभ्यासाचा कस वेगळा शिकवावा लागत नव्हता, तो वर्गात समोर उभा होता.

प्रा. दि. ब. देवधर यांचे उदाहरण तर प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे असे आहे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. हेच संस्कृतचे प्राध्यापक १९२६ मध्ये मुंबईत अखिल भारतीय संघाकडून एम.सी.सी.च्या इंग्रज गोलंदाजांविरुद्ध १४८ धावा काढून परतले. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी रणजी सामन्यात २४६ धावांची खेळी केली. सकाळी शब्दरूपे आणि संध्याकाळी मैदान, या दोहोंत या माणसाला कधी विरोध दिसला नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनाही दिसला नसणार. अभ्यास आणि खेळ यांचा ‘समतोल’ साधण्यासाठी त्या महाविद्यालयाला कोणते माहितीपत्रक छापावे लागले नाही. तो समतोल धोतर नेसून वर्गात येत होता.

वैद्यकीय शिक्षणासारखा दमछाक करणारा अभ्यासक्रम दुसरा नाही, असे सर्वच डॉक्टर सांगतात. तरीही पुण्याच्या एकाच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे बाहेर पडले. लागू शल्यविशारद, पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. यांतील कोणीही नाटकासाठी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले नाही. त्यांची काही नाटके आणि त्यांतील इतिहासाची मांडणी यांविषयी तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. प्रश्न मतांचा नाही, घडणीचा आहे. विच्छेदनगृहातून थेट तालमीला जाणारी मुले त्या महाविद्यालयात होती आणि तसे जाऊ देणारे गुरुजनही होते. अभियांत्रिकीचेही तेच. १८५४ ची परंपरा सांगणाऱ्या पुण्याच्या सीओईपीत नौकाविहार मंडळ आणि १९२८ पासूनची ‘रिगाटा’ आहे. मुळा-मुठेच्या पाण्याची आज जी दशा आहे, ती पाहता तिथे वल्ही मारणाऱ्या मुलांचे दुहेरी कौतुक करायला हवे.

हे सारे इंग्रजी अमदानीतील संस्थांचे देणे आहे, असेही कोणी समजू नये. भारतीय अध्ययन परंपरेत विश्रांतीला शास्त्राचा आधार होता. वेदाध्ययनाचे सत्र श्रावणातील उपाकर्माने सुरू होई आणि काही महिन्यांनी उत्सर्जनाने त्याची सांगता होई. सत्र चालू असतानाही अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे अनध्यायाचे दिवस असत. अकाली मेघगर्जना झाली, अनध्याय. घरी शिष्ट अतिथी आला, अनध्याय. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे. एक स्वरही चुकू नये असा दंडक घालणाऱ्या परंपरेनेच पाठ थांबवण्याचेही नियम घालून दिले. बारा महिने, रविवारसुद्धा, सकाळी सहा ते रात्री नऊ मुलांना बाकांवर बसवणारे आजचे वर्ग त्या परंपरेचे वारस नव्हेत. ते गिरणीचे वारस आहेत. अशा वर्गांच्या जाहिरातींत ‘गुरुकुल’ हा शब्द वापरला जातो, हा तर त्या शब्दाचा उघड अपमान आहे.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग बहुधा महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. त्यामुळे मूल पंधरा-सोळाव्या वर्षीच महाविद्यालयाची पायरी चढते, आणि नेमका याच पायरीवर घात होतो. अभियांत्रिकीचे प्रवेश सामायिक परीक्षेतील गुणांवर, वैद्यकीयचे ‘नीट’वर. बारावीच्या गुणांना पात्रतेपुरतेच महत्त्व उरले. साहजिकच पालकांनी हिशेब केला की महाविद्यालयात बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. या हिशेबातूनच ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘टाय-अप’ नावाची सोय जन्माला आली. प्रवेश महाविद्यालयात, शिकणे खासगी वर्गात. हजेरीपटावर मुलगा रोज हजर, प्रत्यक्षात त्याने दोन वर्षांत ग्रंथालयाचे दार पाहिलेले नाही. विज्ञानाच्या प्रत्येक विषयात प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. प्रयोगशाळेत पाऊल न ठेवलेल्या मुलालाही ते जवळपास सगळे मिळतात. सतराव्या वर्षी मुलाला मिळालेला प्रामाणिकपणाचा हा पहिला धडा आहे, आणि तो संस्थेने, शिक्षकाने व पालकाने मिळून शिकवलेला आहे.

२०१८ मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचा आदेश काढला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना खासगी वर्गांत प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. हेतू चांगला. पण यंत्रावर अंगठा उमटवायला लावून महाविद्यालय भरत नाही. अंगठा उमटवल्यावर मुलाने थांबावे असे काहीतरी आत असावे लागते. ‘लातूर पॅटर्न’चे मूळही या संदर्भात आठवावे. तो प्रथम उभा केला महाविद्यालयातील प्राध्यापकांनी, आपल्याच विद्यार्थ्यांवर जादा मेहनत घेऊन. त्या पॅटर्नमधली मेहनत विसरून पुढे त्याचे नाव तेवढे विकले गेले.

हे असे का झाले, याचे उत्तर शिक्षकांच्या खोलीत सापडते. राज्यभर असंख्य महाविद्यालयांत पूर्णवेळ प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवली गेली आणि त्यांचे काम ‘तासिका तत्त्वा’वरील प्राध्यापकांवर सोपवले गेले. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. केलेला हा तरुण सकाळी एका संस्थेत, दुपारी दुसऱ्या संस्थेत तास घेतो. मानधन तासाप्रमाणे, तेही महिनोन्महिने थकलेले. तास संपला की त्याला पुढची बस गाठायची असते. विद्यार्थ्याची शंका ऐकायला तो थांबणार कसा? नाटकाच्या तालमीला, वादविवाद स्पर्धेच्या तयारीला, गिर्यारोहणाच्या मोहिमेला तो येणार कसा? त्याला दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. शिक्षक महाविद्यालयात थांबेनासा झाला, त्याच दिवशी तिथला अभ्यास आणि तिथला आनंद दोन्ही एकदमच संपले. आजवर आलेल्या सर्व पक्षांच्या सरकारांनी ही काटकसर केली आहे, आणि राष्ट्रीय विचारांच्या म्हणवणाऱ्या संस्थांनीही ती निमूटपणे स्वीकारली आहे. मेकॉले १८५९ मध्ये वारला. त्याच्या नावाने बोटे मोडण्याची सोय किती पिढ्या वापरायची?

अशा ओस पडलेल्या महाविद्यालयांना कंटाळलेला पालक मग दुसऱ्या टोकाला जातो. शहराबाहेर शंभर-दीडशे एकरांवर उभ्या राहिलेल्या खासगी विद्यापीठांची रंगीत माहितीपत्रके त्याच्या हाती पडतात. जलतरण तलाव, वातानुकूलित वसतिगृह, खाद्यपदार्थांची दालने, वार्षिक महोत्सवात सिनेसृष्टीतील गायकाची रात्र. यालाच तिथे ‘कॅम्पस लाइफ’ म्हणतात. शुल्काचा आकडा पाहून छाती दडपते, पण मुलाने ‘एन्जॉय’ही केले पाहिजे, असे म्हणून घरावर कर्ज काढले जाते. यात विकला जातो तो आनंद नव्हे, करमणूक आहे. हजार मुले व्यासपीठासमोर हात उंचावून नाचतात आणि व्यासपीठावर मात्र पैसे घेऊन आलेला पाहुणा असतो. दहा मुलांनी महिनाभर उपाशी-तापाशी तालीम करून, नेपथ्याचे लाकूड स्वतः रंगवून, पात्राची वाक्ये विसरून, पुन्हा उभे राहून एकांकिका सादर करावी, यात जे मिळते ते त्या रोषणाईत मिळत नाही. सगळीच खासगी विद्यापीठे अशी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. काहींनी उत्तम शिक्षक मिळवले आहेत. पण माहितीपत्रकात तलावाचे छायाचित्र पहिल्या पानावर आणि प्राध्यापकांची यादी शेवटच्याही पानावर नाही, अशी संस्था आपला प्राधान्यक्रम स्वतःच सांगत असते.

महाविद्यालयीन नाट्यचळवळीचा मानबिंदू असलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ मध्ये जे घडले, त्याची चर्चा नाट्यवर्तुळापलीकडे व्हायला हवी होती. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या या स्पर्धेत त्या वर्षी परीक्षकांनी रोख पारितोषिके दिली, पण करंडकाच्या तोडीची एकही एकांकिका नाही, असे सांगून करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर बराच गदारोळ झाला. परीक्षक फार कडक होते, असे काहींचे म्हणणे पडले. टाळेबंदीच्या दोन वर्षांत ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून कनिष्ठांकडे जाणारी शिकवण तुटली, हेही कारण असेल. काही असो, त्या निर्णयाने एक गोष्ट दाखवून दिली. ज्याला पालक ‘एक्स्ट्रा’ म्हणून बाजूला सारतात, त्या क्षेत्रातही एक निकष आहे, आणि तो न गाठणाऱ्याला तो रिकाम्या हाताने परत पाठवतो. बारावीच्या प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण वाटले जात असताना, ‘अजून जमलेले नाही’ असे मुलांना स्पष्ट सांगणारी जागा रंगमंचावर शिल्लक होती.

नव्या शैक्षणिक धोरणाने या उणिवेची दखल घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. राज्यात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या रचनेत क्रीडा, कला, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना यांना श्रेयांक मिळतात. परंतु श्रेयांक देण्यासाठी माणूस लागतो, आणि माणूस नसला की उरतो तो अर्ज, त्यावरची सही आणि छायाचित्रांची फाइल. वृक्षारोपणाच्या एकाच खड्ड्याभोवती वीस जणांचे छायाचित्र काढून सर्वांचे श्रेयांक भरले गेले, तर कोणी आश्चर्य मानू नये. याउलट देशाच्या मानांकनात सातत्याने अग्रस्थानी राहिलेल्या मद्रास आयआयटीने २०२४ पासून क्रीडानैपुण्यासाठी आणि २०२५ पासून ललित कला व संस्कृतीतील नैपुण्यासाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन-दोन वेगळ्या जागा ठेवल्या. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव असण्याची अट तशीच ठेवून. कस कमी न करता मैदानाला आणि मैफलीला दार उघडता येते, याचे हे ताजे उदाहरण.

पालकांची अडचण खोटी नाही. जागा थोड्या, स्पर्धक लाखांनी, आणि एका प्रवेश परीक्षेवर पुढची चाळीस वर्षे टांगलेली. ज्या घरात एकच मिळवता हात आहे, त्या घराने धोका कसा पत्करावा? पण या अडचणीचा सगळा भार मुलांपेक्षा मुलींवर अधिक पडतो, हे मात्र उघडपणे बोलले जात नाही. ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क राज्य शासनाने २०२४ पासून माफ केले. तरीही मुलीसाठी महाविद्यालय निवडताना पहिला निकष असतो घरापासूनचे अंतर आणि दुसरा, ती किती वाजता परत येईल. तालीम आठपर्यंत चालते म्हटल्यावर नाटक बंद. सामना परगावी म्हटल्यावर खेळ बंद. मुलीचा अभ्यास चालू राहतो, तिचे महाविद्यालय मात्र दुपारी एकला संपते. शेवटची बस वेळेवर सोडणे आणि रस्त्यावर दिवे लावणे ज्यांचे काम आहे, त्यांना जाब विचारण्याऐवजी मुलीलाच घरी बोलावले जाते.

मानांकनांवर विसंबून राहणाऱ्यांनीही थोडे सावध असावे. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय मानांकनासाठी माहिती भरून द्यायची असते ती संस्थांनीच. नॅकच्या पाहणी समितीतील सदस्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली, तेव्हा ‘अ++’ या अक्षरांभोवतीचे तेज पुष्कळ कमी झाले. अर्थात या कागदांचा उपयोग नाही असे नव्हे. राष्ट्रीय मानांकनासाठी संस्थेने दिलेल्या माहितीत प्राध्यापकांची यादी आणि नोकरी लागलेल्यांचे मध्यम वेतन नोंदवलेले असते. जाहिरातीत झळकणारे सर्वोच्च ‘पॅकेज’ एका मुलाचे असते, मध्यम वेतन निम्म्या वर्गाची गोष्ट सांगते. मोबाइलवर तासन् तास घालवणाऱ्या घरात ही माहिती उघडून वाचणारे किती?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आणि अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांची पसंती देता येऊ लागली. पदवीच्या प्रवेशांचेही असेच. त्यामुळे एकाही महाविद्यालयाच्या फाटकातून आत न जाता दहा नावांचा क्रम लावता येतो आणि बहुतेक घरांत तो तसाच लावला जातो. दोन बेडरूमच्या सदनिकेसाठी पाच वेळा चकरा मारणारा, नळाला पाणी किती वाजता येते हे शेजाऱ्यांना विचारणारा गृहस्थ मुलाच्या महाविद्यालयाबाबत मात्र पडद्यावरच्या यादीवर समाधान मानतो.

त्या यादीतील पहिल्या तीन नावांपुरते तरी त्याने मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन जावे, आणि प्रवेश विभागाच्या खिडकीवर नव्हे, तर सत्र चालू असताना संध्याकाळी पाचनंतर जावे. ग्रंथालयात दिवा आहे का, आणि त्याखाली मुले बसली आहेत का. मैदानावर गवत वाढले आहे की पायांनी झिजले आहे. एखाद्या रिकाम्या वर्गातून पेटीचा किंवा भांडणाचा आवाज येतो का. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत शेवटची सही कोणत्या तारखेची आहे. एखादा शिक्षक व्हरांड्यात दोन मुलांशी बोलत उभा आहे का. तिथल्या शिपायालाही विचारावे, कारण फाटक किती वाजता बंद होते आणि तोवर आत कोण असते, हे प्राचार्यांपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.